कर्स्टीच्या एक पाऊल पुढे

रविवार, २३ फेब्रुवारी

ही वही रोवन हाउसने दिलीय. त्यांच्यासाठी मॅरेथॉन धावणाऱ्या प्रत्येकाला एकेक. रोज किती मैल झाले, काय खाल्लं, कुठे दुखलं ते लिहायचं म्हणे. तर लिहिते. आज शून्य मैल. खाल्लं भरपूर. दुखतंय पोटात, पण ते धावल्यामुळे नाही.

झालं असं की दोन आठवड्यांपूर्वी शॅनन नेहमीसारखी रविवारची जेवायला आली. बीफ भाजलं होतं, यॉर्कशायर पुडिंगं कधी नव्हे ती मस्त फुगली होती. ग्रेव्हीचं भांडं पुढे ओढत म्हणाली, "आई, बाबा, मी सप्टेंबरात मॅरेथॉन धावतेय. रोवन हाउससाठी देणग्या गोळा करायला. त्यांनीच मला तुमच्यापर्यंत पोचवलं ना!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दत्तक देताना रोवन हाउसच्या बाईंनी ही पोर माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा चौदा महिन्यांची होती. मी रुमाल शोधतेय तोवर पुढचं वाक्य आलं. "आणि कर्स्टीपण धावणार आहे. आम्ही दोघी."

कर्स्टी म्हणजे जिनं तिला जन्म दिला ती. सतराव्या वर्षी. गेल्या ऑक्टोबरात शॅनननं तिला शोधून काढलं. शोधायचं काय, इथे हल शहरातच राहत होती, आमच्यापासून चार मैलांवर. तेव्हापासून कर्स्टी म्हणजे आमच्या घरातलं मीठ झालीय. कुठलाही विषय काढा, त्यात आहेच.

"मीपण धावणार," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं.

क्लाइव्हनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काटा खाली ठेवला. "बेव्ह, तू बस सुटत असली तरी धावत नाहीस."

"दुसरी येते म्हणून नाही धावत."

मी सत्तावन्न वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना वाढते, दिवसभर उभी असते, माझे पाय काही असेतसे नाहीत. शॅनन हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. उठून गळ्यात पडली. "आई, कसलं भारी! तिघी धावू!"

तिघी. मला दोघी हवं होतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पोस्टाच्या पेटीपासून चर्चच्या फाटकापर्यंत धावले. मग फाटकाला धरून उभी राहिले. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसानं विचारलं, कुणाला बोलावू का?

घरी आले तर क्लाइव्ह म्हणाला, "हे सगळं कशासाठी चाललंय मला माहितेय. त्यापेक्षा पत्रांचं सांगून टाक की शॅननला."

पत्रांचं लिहूनच टाकते. ही वही कोण वाचणार आहे!

मूल दत्तक दिलं की वर्षातून एक पत्र, अशी रीत आहे. आम्ही लिहायचं मुलगी कशी आहे, कर्स्टीनं लिहायचं ती कशी आहे. आडनाव नाही, पत्ता नाही. रोवन हाउस वाचून इकडचं तिकडे करणार. शॅनन सात वर्षांची होईपर्यंत मी सगळं नीट केलं. दर ऑक्टोबरात कर्स्टीचं पत्र तिला वाचून दाखवलं. सातव्या वर्षीचं पत्र पोर उशीखाली घेऊन झोपली. सलग तीन आठवडे. चादर बदलायला गेले तर मला म्हणाली, "आई, हळू, ते चुरगळेल."

पुढच्या वर्षीचं पत्र आलं ते मी दिलं नाही. मोठी झाल्यावर देऊ म्हटलं. मग त्याच्या पुढचं. आमच्या बाजूनंही लिहायचं बंद केलं. शॅनननं विचारलं तेव्हा सांगितलं, "तिनं लिहायचं सोडलं गं, बाळा." दहा पत्रं आहेत. लग्नात मिळालेला चीज वितळवायचा संच कधी वापरला नाही, त्याच्या खोक्यात. प्रत्येक एकदा वाचलं आणि पुन्हा हात लावला नाही.

ऑक्टोबरात त्या दोघी पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. शॅनन घरी आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मी तिला विचारलं, का थांबलीस लिहायची? तर तिनं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला, मग म्हणाली, चुकलंच माझं. आणि माफी मागितली."

मला हायसं वाटलं. बाईला स्वतःची पत्रंसुद्धा आठवत नाहीत! तेव्हा कुठल्या शुद्धीत असणार म्हणा. पण आठवली तर? शॅननला कळलं तर ती या घराची पायरी चढायची नाही. हे क्लाइव्हला कळत नाही. सांगून टाक म्हणे.

शनिवार, ८ मार्च

आज पाहिली कर्स्टीला. नदीकाठी, पुलाखाली, तिघींनी एकत्र धावायचं ठरलं होतं. बेचाळीस वर्षांची, सडसडीत. कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात मालाची गाडी चालवते. "बेव्हर्ली, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती," म्हणाली आणि पायाला फोड येतात त्यावरच्या पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या. स्वतःच्या पैशांनी आणलेल्या. आव बघा.

त्या दोघी पुढे गेल्या आणि मी मागून बघत राहिले. धावण्याची ढब एकच. डावा हात जरा बाहेर फेकायचा, मान किंचित कलती. शॅननला चालायला मी शिकवलं, आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यापासून खुर्चीपर्यंत. ही ढब कुणी शिकवली? कुणीच नाही. आपोआप आली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शॅनन हे नावसुद्धा तिनंच ठेवलेलं. मी ज्युडिथ ठेवणार होते.

रविवार, ३० मार्च

आज आईचा रविवार, म्हणजे मदर्स डे. शॅनन डॅफोडिल्स घेऊन आली, शिवाय माझ्या आवडीची चॉकलेटं आणि कार्ड. कार्डावर छापलेलं नाही, हातानं लिहिलेलं: "जगातल्या सगळ्यात हट्टी आईला." मी चारदा वाचलं.

मग कचरा टाकायला बाहेर गेले. तिच्या गाडीत मागच्या सीटवर आणखी एक जुडी होती. तसलीच डॅफोडिल्स. मी काचेला नाक लावून मोजली. माझ्या जुडीत पंधरा, त्या जुडीत दहा. शेजारची मिसेस ओग्डेन म्हणाली, "काही हरवलंय का, बेव्हर्ली?"

पंधरा आणि दहा. दुपार बरी गेली. संध्याकाळी डोक्यात आलं, तिच्या जुडीसोबतही कार्ड असेल. त्यावर काय लिहिलं असेल?

पाच मैल. रागात चांगलं धावता येतं.

गुरुवार, १७ एप्रिल

शॅनन कामावर अडकली, म्हणून कर्स्टी आणि मी दोघीच. ती मुद्दाम माझ्या वेगानं धावते, ते मला दिसत नाही असं तिला वाटतं.

दोन मैल झाले. मग अचानक, "ती आठ वर्षांची असताना तिला सायकल येत होती का हो?"

मी म्हटलं, हो, क्लाइव्हनं शिकवली, बागेच्या मागच्या गल्लीत, एक दात त्यातच गेला. कर्स्टी इतकी हसली, जणू दात तिचाच पडला होता. मग डोळे पुसले. वाऱ्यानं, म्हणाली.

चौकस बाई आहे. सांगायला नको होतं मी. ते माझं आहे, त्या गल्लीतलं सगळं.

रविवार, ११ मे

शॅनन आता लांब पल्ला एकटीच धावते, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मागे टाकून. त्यामुळे कर्स्टी माझ्याच गळ्यात. दर वेळी काहीतरी विचारते. मागच्या खेपेला, "नऊ वर्षांची असताना तिला अंधाराची भीती वाटायची का?" आज, "दहाव्या वर्षी जिवलग मैत्रीण कोण होती?" एका दिवशी एकच. मी उत्तर दिलं की पुढे काही विचारत नाही, नुसती धावते.

मी ठरवलं होतं, एका वाक्यात उडवून लावायचं. पण शॅननबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. मैत्रिणीचं नाव सांगायला गेले आणि त्या दोघी पळून स्कार्बरोला जायला निघाल्या होत्या, पिशवीत फक्त बिस्किटं आणि पोहण्याचा पोशाख, तेही सांगून बसले. सात मैल कधी झाले कळलं नाही.

क्लाइव्ह म्हणतो, "तुमचं दोघींचं बरं जमतंय की." मी त्याला आज चिप्सवर मसाला घातला नाही.

बुधवार, १८ जून

घात होता होता टळला. रोवन हाउसच्या ग्वेनबाई आमच्याकडे चहाला आल्या. देणग्या गोळा करायचं काम त्या बघतात. शॅनन आणि कर्स्टीही होत्या. ग्वेनबाई म्हणाल्या, "शर्यतीच्या दिवशी आपल्या तंबूत जुनी पत्रं लावायची कल्पना आहे. लोक बघून हळवे होतात, देणगी देतात. बेव्हर्ली, तुमच्याकडे कर्स्टीची पत्रं असतीलच ना? आमच्या नोंदीप्रमाणे तर बरीच..."

मी किटली खाली ठेवली. तेवढ्यात कर्स्टी मोठ्यानं म्हणाली, "नको बाई! माझं स्पेलिंग म्हणजे दिव्य. सगळ्या हलसमोर माझी अब्रू काढता काय? एकही पत्र लावायचं नाही. मी परवानगी देत नाही."

"अगं, पण सुरुवातीची पाच-सहाच तर आहेत," शॅनन म्हणाली.

"तेवढीच पुरे आहेत लाज घालवायला," कर्स्टी म्हणाली आणि माझ्याकडे बघून बशी पुढे केली. "बेव्हर्ली, केक मस्त झालाय. अजून एक तुकडा घेऊ?"

लाजली बिचारी. स्पेलिंग खरंच भयानक आहे तिचं. माझं नशीब बलवत्तर, दुसरं काय.

शनिवार, २ ऑगस्ट

चौदा मैल. गुडघ्याला बर्फ लावून बसलेय. कर्स्टी आता पंधराव्या वर्षापर्यंत आलीय: "तेव्हा तिला कुणी मुलगा आवडायचा का?" अगदी पाढे म्हटल्यासारखी एकेक वर्ष घेत येते.

परत येताना शॅनन आम्हाला भेटली. पाण्याची बाटली आधी कर्स्टीला दिली. कर्स्टी तिच्या जवळ उभी होती हे खरंय. तरी दिली ती तिलाच आधी.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्या. शॅननचा फोन आला, पास्ता खा, लवकर झोप. तोच फोन तिनं कर्स्टीलाही केला असणार, विचारलं नाही. मला एवढंच हवंय की रेघ ओलांडताना कर्स्टीच्या एक पाऊल पुढे असावं. एकच पाऊल. सव्वीस मैलांत तेवढं तर मागू शकते ना माणूस?

सोमवार, २२ सप्टेंबर

जिना बसून उतरावा लागतोय. लिहायला मात्र हात धड आहेत.

शॅनन सुरुवातीपासूनच पुढे गेली. मी आणि कर्स्टी मागे, कधी धावत कधी चालत. अठराव्या मैलाला हंबर पूल लागला. वर वारा असा की टोपी गेली नदीत. गुडघा बोलत होता, मी त्याच्यावर खेकसत होते. कर्स्टी शेजारी. तिला केव्हाच पुढे जाता आलं असतं.

पुलाच्या मध्यावर म्हणाली, "सतरा वर्षांची झाल्यावर गाडी चालवायला कुणी शिकवलं तिला? तुम्ही की क्लाइव्हनं?"

मी दमलेली, डोकं चालत नव्हतं. म्हणून गेले, "क्लाइव्हनंच. माझ्यासोबत ती भांडते असं मी तुला लिहिणारच होते, तू त्या पत्रात विचारलं होतंस तेव्हा..."

आणि थांबले. पायही थांबले. मागचा एक धावणारा माझ्यावर आदळता आदळता राहिला.

कर्स्टीही थांबली. कठड्याला हात लावून उभी राहिली. तिचा चेहरा बघितला आणि एका क्षणात सगळं लख्ख झालं. सायकल, अंधार, मैत्रीण. दहा वर्षं, दहा पत्रं, आणि प्रत्येक पत्रात एक प्रश्न. उत्तरं घेत होती ती, आणि मी मूर्खासारखी एकेक देत होते.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून. तिनं विचारलं ना, का थांबलीस? तेव्हाच. मी कधी थांबलेच नव्हते. रोवन हाउसची पोच यायची मला दर वर्षी. मग पत्रं जाणार कुठे?"

"मग सांगितलं का नाहीस तिला? माफी कसली मागितलीस?"

"एक आई आधीच तिला सोडून गेली होती," कर्स्टी म्हणाली. "दुसरी खोटारडी निघाली हे मी कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही तिला वाढवलंत, बेव्हर्ली. मी नाही. माझ्याच्यानं तिच्यासाठी काय होण्यासारखं होतं? एवढंच."

आता इथे खरं लिहिते. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी आला तो संताप. एक वर्ष ही बाई मुलीच्या नजरेत स्वतः वाईट होऊन मला सांभाळत होती! हिच्या उपकारावर मी आई होते! जन्म हिनं दिला, नाव हिनं दिलं, आणि आता आईपणातही माझ्यावर कडी? नाही. ते मी होऊ देणार नाही.

"आज सांगते तिला," मी म्हटलं. "मीच सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस."

"बेव्हर्ली, नका. ती मोडून जाईल."

"मग मोडू दे. पण एवढा मोठेपणा मी तुला एकटीला घेऊ द्यायची नाही."

ती हसायलाच लागली, रडत रडत. पुढचे आठ मैल आम्ही खांद्याला खांदा लावून काढले. रेघ कुणी आधी ओलांडली ते मी पाहिलं नाही. कळलं तेव्हा पदक गळ्यात होतं आणि शॅनन दोघींना एकदम कवेत घेऊन किंचाळत होती, "माझ्या म्हाताऱ्या! माझ्या दोन्ही म्हाताऱ्या!"

तंबूच्या मागे नेऊन सांगितलं. सगळं. उशी, चादर, खोकं. सबबी दिल्या नाहीत. शॅनननं आधी माझ्याकडे बघितलं, मग कर्स्टीकडे. "आणि तू? तुला माहीत होतं? मग तू मला जे सांगितलंस ते काय होतं?"

"बाळा," कर्स्टीनं हात पुढे केला.

"मला बाळ म्हणू नका. कुणीच." आणि गेली. शर्यतीनंतर ऊब राहायला देतात ती चंदेरी चादर अंगावर तशीच, पायात तेच बूट.

संध्याकाळी आमच्याकडे आली. आत आली नाही. दारातून खोकं घेतलं. क्लाइव्ह तिला म्हणाला, "मलाही माहीत होतं, शॅनन." बरं झालं बोलला, नाहीतर मी बोलले असते. तिनं मान हलवली आणि गाडीत बसली.

बुधवार, २४ सप्टेंबर

फोन नाही. शाळेत कस्टर्ड करपवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवार, २८ सप्टेंबर

बीफ भाजलं, सवयीनं. दोघांना जास्त झालं. तिच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवून आम्ही दोघांनी तिकडेच बघत जेवण केलं.

चार वाजता फोन वाजला, मी धडपडत गेले. कर्स्टी होती.

"तुमच्याकडे आला का फोन?"

"नाही. तुझ्याकडे?"

"नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. नाही आला तिच्याकडेही. तिनं फोन ठेवला नाही, मीही नाही. शेवटी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, टोस्ट खाल्ला. मी म्हटलं, टोस्ट हे काय जेवण असतं? ये इकडे, बीफ उरलंय. आली. शॅननच्या खुर्चीत मात्र मी तिला बसू दिलं नाही. तिनं न सांगताच दुसरी ओढली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

संध्याकाळी सहाला फोन. शॅनन.

"सगळी वाचली," ती म्हणाली. "दहाच्या दहा. दोनदा. आई, मी तुझ्यावर इतकी चिडलेय की मला..."

"चीड," मी म्हटलं. "मी ऐकतेय."

मग ती चिडली. मनसोक्त. मी किती वर्षं तिला खोटं सांगितलं, बाराव्या वर्षी ती रात्ररात्र विचार करायची की आपलं काय चुकलं म्हणून तिनं लिहायचं सोडलं, आणि मी तेव्हा शेजारच्या खोलीत घोरत होते. हे मला माहीत नव्हतं. बारावं वर्ष मला पाठ आहे असं मी समजत होते. मी एकदाही मधे बोलले नाही, शेवटी तिनंच विचारलं, फोन बंद पडला का? मी म्हटलं, नाही गं, इथेच आहे.

या रविवारी येणार नाही, म्हणाली. पुढच्या रविवारचं बघेन. बघेन म्हणाली. नाही म्हणाली नाही.

ठेवता ठेवता मी विचारलं, "कर्स्टीला केलास का फोन?"

"नाही. आधी तुला."

आधी तुला! वर्षभर ज्या दोन शब्दांसाठी मी गुडघे फोडून घेतले ते आज मिळाले, आणि असे. मला उड्या माराव्याशा वाटल्या. मग वाटलं, आता गप्प बसावं. दोन दिवस, निदान आजचा दिवस. बसू दे तिला तिकडे टोस्ट खात, वाट बघत. दहा पत्रं दाबली, एक फोन दाबणं कितीसं कठीण!

"तिला कर," मी म्हटलं. "आत्ताच. ती फोन मांडीवर घेऊन बसली असेल. ठेवते मी."

ठेवला. क्लाइव्हला सांगितलं, शॅननचा फोन होता, अकरा मिनिटं बोलली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून, मी शॅननचा नंबर फिरवून पाहिला. दुसऱ्या फोनवर होती. पाऊण तासानं पुन्हा. अजून बोलतच होती. जळफळाट झाला, नाही कशाला म्हणू.

तिसऱ्यांदा लावला नाही.